माळा रिकामा करण्याआधी

गावाकडचं घर विकायचं ठरलं, वाडा पुनर्विकासाला गेला किंवा आई-वडिलांच्या मागे त्यांचा फ्लॅट बंद करायची वेळ आली, की सगळ्यांना घाई सुटते ती सामान हलवायची. दोन दिवसांची रजा काढून भावंडं जमतात, टेम्पो सांगून ठेवलेला असतो आणि भंगारवाला काटा घेऊन दारात उभा असतो. चार पिढ्या घरात राहिलेल्या वस्तूंचं काय करायचं हे अशा एका दुपारी ठरतं आणि बहुधा किलोच्या भावानं ठरतं.

ही दुपार यायच्या आधीच थोडी तयारी केलेली बरी. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी नोंद, मग ओळख, मग साफसफाई आणि वाटणी सगळ्यांत शेवटी. बहुतेक घरांत हे नेमकं उलटं होतं. आधी वाटणी उरकतात, मग जो तो आपापल्या वाट्याचं घासूनपुसून लखलखीत करतो आणि ‘ही मुळात कोणाची गं?’ हा प्रश्न दहा वर्षांनी पडतो. तोवर सांगणारं माणूस उरलेलं नसतं.

नोंदीसाठी वही घ्या किंवा मोबाइल, जे हाताशी असेल ते. वस्तू उचलण्याआधी ती आहे तिथेच तिचा फोटो काढा. ट्रंकेत कशाभोवती कोणतं फडकं गुंडाळलं होतं, देव्हाऱ्यात कोणता टाक कोणाशेजारी होता, हीसुद्धा माहितीच असते आणि सामान हललं की ती जाते. मग घरातल्या सर्वांत वडील माणसासमोर बसा. ‘या समईबद्दल सांगा’ म्हटलं तर ‘जुनी आहे, सासूबाईंची’ एवढ्यावर विषय संपतो. त्याऐवजी ‘ही कधी कधी बाहेर निघायची? कोण घासायचं? कोणाच्या लग्नात आली? हिच्या जोडीची कुठे गेली?’ असं विचारा. समया बहुधा जोडीनं घेतल्या जात. एकच उरली असेल, तर दुसरी कुठल्या तरी वाटणीत गेलेली असते आणि त्यामागे काहीतरी घडलेलं असतं. बायकांना वेगळं बसवून विचारा. भांडी आणि दागिने माहेराहून सासरी येतात, त्यामुळे त्यांचा इतिहास घरातल्या पुरुषांना अर्धामुर्धाच ठाऊक असतो. तरीही आजोबा समोर असले की बोलतात तेच!

तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं नीट वाचा. कोणी, कोणाला, कोणत्या निमित्तानं आणि पुष्कळदा कोणत्या साली दिलं हे सगळं त्या एका ओळीत सापडतं. अनेक घरांत बाईच्या माहेरच्या नावाचा लेखी पुरावा एवढाच असतो. घासून घासून अक्षरं पुसट झाली असतील, तर खडूची पूड किंवा पीठ हलक्या हातानं चोळा, वरचं पुसून टाका आणि विजेरीचा झोत आडवा टाकून फोटो काढा.

जुन्या फोटोंच्या मागे पेननं लिहू नका. शाई पुढच्या बाजूला उतरते. मऊ शिसपेन्सिलीनं, हात न दाबता लिहा. समूहचित्र असेल तर त्याची साध्या कागदावर छापील प्रत काढा, एकेका डोक्यावर आकडा टाका आणि खाली नावं लिहा. काळ्या पुठ्ठ्यांचे, कोपऱ्यांत फोटो अडकवायचे जुने अल्बम आहेत तसेच राहू द्या. खरा त्रास नंतरच्या, चिकट पानावर प्लास्टिक ओढायच्या अल्बमांचा आहे. त्यांचा गोंद वर्षागणिक पिवळा पडतो आणि फोटो खातो. सहज निघत असतील ते फोटो काढून घ्या. घट्ट बसलेले ओढू नका, आहे त्या पानासकट त्यांचे फोटो घ्या. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचंही तसंच. काच फोडून तो ‘सोडवणारे’ हौशी लोक चेहरा काचेवरच ठेवून येतात.

आता कागद. यावर थोडं जास्त बोलायला हवं, कारण दागिना कोणी रद्दीत टाकत नाही, कागद मात्र सर्रास जातात. माळ्यावरच्या पेटीत कापडात बांधलेला गठ्ठा निघतो. दप्तराच्या भाषेत त्याला रुमाल म्हणतात. आतली अक्षरं मोडी असतात. वाचता येत नाहीत म्हणून ती निरुपयोगी ठरतात. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे अशीच दप्तरं मिळवण्यासाठी गावोगाव फिरत होते. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं. पण त्यांच्या हाती लागलं ते जिथे कोणीतरी गठ्ठा फेकला नव्हता तिथलंच. अगदी अलीकडे, 2023 नंतर मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी कुठून कुठून बोलावणी येऊ लागली आणि घराघरांत लोक आजोबांच्या पेट्या उघडू लागले. ज्यांनी त्या आधीच रिकाम्या केल्या होत्या त्यांना कचेऱ्यांच्या खेपा पडल्या.

गठ्ठ्यात सनद किंवा वतनपत्र निघेल अशी सगळ्यांची आशा असते. कधी निघतंही. पण मला विचाराल तर जमाखर्चाची वही आणि लग्नातल्या आहेराची यादी यांचं मोल अधिक. सनदेची दुसरी प्रत सरकारी दप्तरात असू शकते. तुमच्या पणजीच्या लग्नात कोणत्या गावाहून कोण आलं, कोणी खण दिला, कोणी रोख दिले, आचाऱ्याला काय पडलं हे जगात दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. कर्जरोखे, गहाणखतं, जन्मटिपणं, वंशावळी, मनिऑर्डरच्या पावत्या, तुरुंगातून आलेली कार्डं, काहीही लगेच बाद करू नका.

तारखा पाहून घाबरू नका. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं. शके 1847 म्हणजे 1925. फक्त वर्ष पाडव्याला बदलत असल्यानं जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर 79 मिळवायचे. दख्खनच्या फसली सनात साधारण 590 मिळवतात. हिशेब रुपये-आणे-पै असा असेल, तर सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले, त्यामुळे वहीत ते दिसले की ते पान त्यानंतरचं असं धरायला हरकत नाही.

कागदांची निगा म्हणजे मुख्यतः काय करायचं नाही हे. लॅमिनेशन करू नका, हे मी दोनदा सांगेन: लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं वितळलेलं प्लास्टिक कागदात मुरतं आणि मग तज्ज्ञालाही ते सुखरूप काढणं जवळपास अशक्य होतं. चिकटपट्टी, स्टेपलर, इस्त्री, कडक ऊन, सगळं वर्ज्य. धूळ मऊ ब्रशनं, मधून कडेकडे झाडा. बुरशी लागलेले कागद आधी बाकीच्यांपासून वेगळे करा, तोंडाला फडकं बांधा, सावलीत पंख्याखाली वाळू द्या आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच झाडा. ओली बुरशी पुसायला गेलं की ती आणखी पसरते. ठेवताना जुन्या लोकांची रीत आजही चांगली आहे. खळ काढलेलं, धुतलेलं सुती कापड, त्यात सैल गुंडाळलेला गठ्ठा आणि जवळ पुरचुंडीत वेखंडाचे तुकडे. पुरचुंडी कागदाला टेकू देऊ नका. कोकणात आणि गोव्यात प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवण्याचा मोह होतो. त्या दमट हवेत पिशवी म्हणजे बुरशीचं बेणं. वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या हवेत गठ्ठे सोडून सावलीत ठेवावेत. नवरात्रातली घराची साफसफाई याला सोयीची असते.

फोटो काढायला महागडं यंत्र लागत नाही. खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाला समांतर. स्कॅनर मिळाला तर फोटोंसाठी 600 आणि कागदांसाठी 300 डीपीआय पुरे. फायलीला नुसता आकडा देऊ नका, ‘आहेरयादी शके 1847 पान 3’ असं नाव द्या. एक प्रत घरात, एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडे. कौटुंबिक व्हॉट्सॲप गटावर टाकलेला फोटो म्हणजे जतन नव्हे. तिथे त्याचा आकारही घटतो आणि तो ‘शुभ सकाळ’खाली गाडलाही जातो.

वाचून घ्यायचं असेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा राज्याच्या पुराभिलेख विभागात विचारा. दोन्हीकडे मोडी शिकवण्याचीही परंपरा आहे आणि घरातल्या एखाद्या निवृत्त मामांना त्या वर्गात घालणं ही दप्तरासाठी आणि मामांसाठीही चांगली सोय आहे. कागद कोर्टात किंवा महसुलात लावायचा असेल तर मात्र हौशी वाचन चालत नाही, लिप्यंतर अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. संस्कृत पोथ्या सुट्या पानांच्या असतात. त्यांची पानं क्रमानं मोजा, पण शिवू नका, बांधणीही करू नका, आणि लाकडी फळ्या फेकू नका. पोथ्या द्यायच्याच असतील तर पुण्याचं आनंदाश्रम (1888) आणि भांडारकर संस्था (1917) ही जुनी ठिकाणं आहेत. गोव्यातल्या घरांत पोर्तुगीजमधले कागद निघतात. त्यांच्यासाठी पणजीचं पुराभिलेख खातं आहे. त्याची सुरुवात 1595 सालची.

दागिन्यांकडे वळू. इथे पहिला घोळ वजनाचा होतो. आजीच्या वहीत ‘पाटल्या 4 तोळे’ असतं, सोनार काट्यावर 46 ग्रॅमच्या वर दाखवतो आणि कोणीतरी म्हणतं, हे तर साडेचार तोळ्यांच्याही वर भरलं! किंवा उलट, आजच्या चाळीस ग्रॅमलाच चार तोळे धरून वाटणी होते आणि सहा-सात ग्रॅम सोनं बिनहिशेबी राहतं. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आजचा बाजारातला तोळा 10 ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. घरातल्या जुन्या याद्या या मापानं वाचा. भावाभावांतले निम्मे संशय तिथेच मिटतात.

दुसरा घोळ लाखेचा. पोहेहार, बोरमाळ, कोल्हापुरी साज यांतले मणी आणि पानं पुष्कळदा आतून लाखेनं भरलेली असतात. काट्यावर दिसतं ते सगळं सोनं नसतं. त्यामुळे असा दागिना घेऊन थेट मोडीला जाऊ नका. आधी शुद्धता तपासून घ्या, हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकालाही ती तपासून मिळते. आणि मोडण्याआधी एक लक्षात घ्या की सोनार मोडीचे पैसे धातूचे देतो, घडणावळीचा एक रुपया देत नाही. जुन्या ठुशीची किंवा चिंचपेटीची ती घडण आज हातानं करून घ्यायला गेलात तर कारागीर शोधण्यापासून तयारी करावी लागते. बहुतेक जुने दागिने ‘वापरण्यासारखे नाहीत’ म्हणून मोडले जातात तेव्हा त्यांना हवं असतं एवढंच की पटवेकऱ्याकडून नव्यानं गाठवून घ्यावं, एखादा फासा किंवा मळसूत्र बदलावं. ओवलेल्या दागिन्याचा दोरा हा भागच झिजण्यासाठी केलेला असतो.

पुतळ्यांच्या माळेबाबत विशेष सावध राहा. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं डुकॅट नाणं, साधारण साडेतीन ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राजप्रमुख असतो. आपल्याकडे लोकांनी त्यात राम-सीता पाहिली, आणि पुढे इथल्या सोनारांनी तसेच ठसे पाडले. तुमच्या माळेत खरी नाणी आहेत की इथल्या पुतळ्या, हे नाण्यांच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय माळ विकू नका. मोत्यांचंही तसंच. जपानी कल्चर्ड मोती बाजारात रुळले ते 1920 च्या दशकापासून. त्याआधीच्या नथीतले, तन्मण्यातले मोती नैसर्गिक, आखाती ‘बसरा’ असण्याची शक्यता बरीच. त्यांची परीक्षा क्ष-किरणांनी प्रयोगशाळेत होते, दाताला घासून नव्हे. सोन्याला रिठ्याचं कोमट पाणी चालतं. मोत्याला घाम, अत्तर, लिंबू यांतलं काहीच सोसत नाही. वापरून झाले की मऊ ओलसर फडक्यानं पुसून, वाळवून, सुती कापडात ठेवा.

कराचं थोडक्यात. वारशानं सोनं मिळताना कर नाही. विकलं की भांडवली नफा मोजतात. त्यासाठी मूळ घेणाऱ्याची खरेदी किंमत धरतात, आणि वस्तू 1 एप्रिल 2001 पूर्वीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाकडून त्या तारखेच्या किमतीचा अहवाल घेऊन ठेवावा. 23 जुलै 2024 पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दर 12.5 टक्के आहे, वर उपकर. विवाहित स्त्रीमागे 500 ग्रॅम, अविवाहित स्त्रीमागे 250 आणि पुरुषामागे 100 ग्रॅम हे जे आकडे लोक सांगतात, ते छाप्याच्या वेळी एवढे दागिने जप्त करू नयेत या 1994 च्या सूचनेतले आहेत. ती बाळगण्याची मर्यादा नव्हे. लॉकरबद्दलही असाच गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्तीला लॉकर उघडायला मिळतो, आतल्या वस्तूंची मालकी मिळत नाही. ती वारसांचीच राहते. बँकेच्या चुकीनं चोरी झाली किंवा आग लागली, तर भरपाईची कमाल मर्यादा वार्षिक भाड्याच्या शंभर पट. लॉकरचं भाडं आठवून बघा म्हणजे विमा का काढायचा ते कळेल.

पैठणी किंवा जरीचा शालू घडीवर मोडतो. जर म्हणजे धाग्याभोवती गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ती त्याच रेषेवर वर्षानुवर्षं दुमडली की तुटते. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, घडीच्या पोटात मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा आणि मलमलीत बांधून लाकडी किंवा लोखंडी कपाटात सपाट ठेवा. हँगरला लटकवू नका. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका. अत्तर तर नकोच. उन्हात नाही, सावलीत हवा द्या. डाग पडला असेल तर घरचे प्रयोग न करता रेशमाच्या रफूगाराला दाखवा. जुन्या जरीचे कपडे घेणारे दारावर येतात. ते वस्त्र जाळून चांदी काढतात आणि भाव त्या चांदीचाच देतात. फाटलेल्या पैठणीचंही पदर आणि काठ शाबूत असतील तर ते मागे सुती अस्तर लावून, टाके घालून जपता येतात. काचेत लावायचा असेल तर पदर काचेला चिकटणार नाही एवढं अंतर हवं आणि भिंत उन्हाची नको. पैठणी कापून उशांचे अभ्रे शिवण्याबद्दल माझं मत विचारू नका. आजीच्या विटलेल्या लुगड्यांची गोधडी मात्र जरूर करा, त्यांचं तेच व्हायचं असतं.

तांब्या-पितळेच्या मागे एक मोठी लाट येऊन गेली आहे. स्टीलची भांडी आली तेव्हा घरोघरच्या बायकांनी हंडे-घंगाळी मोडीत देऊन पेले-ताटल्या घेतल्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, रोज चिंच आणि राख घेऊन घासणाऱ्या त्याच होत्या. त्या लाटेतून वाचलेलं जे आहे ते वापरायचं असेल तर आतली कल्हई तपासा. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवला किंवा ठेवला की कळकतो, म्हणून आत कथलाचा थर लागतोच. कल्हईवाला आता गल्लीत हाक देत येत नाही. तांबट-कासारांच्या आळीत चौकशी करा, पुण्यात कसब्यात तांबट आळी अजून आहे. जुन्या डागडुजीच्या जोडांत शिसं असू शकतं, तेव्हा डाग दिलेलं भांडं स्वयंपाकाला किंवा पाण्याला घेऊ नका, फुलं ठेवा. शोभेच्या भांड्यांना वर्षातून एकदा चिंच पुरे. आम्लाच्या पावडरी दर आठवड्याला चोळल्या तर आधी नावं जातात, मग मठारकामाचे ठोके. आणि जुन्या धातूच्या मूर्तीवरचा काळसर थर अजिबात काढू नका. जाणकाराच्या लेखी मूर्तीचं वय त्या थरात असतं.

देवघराच्या वस्तूंना वेगळे नियम आहेत. चांदीच्या टाकांवरचे खंडोबा, भवानी, घरातले वीर रोजच्या पूजेनं झिजतात. टाक उजळवायचे की नवे घडवायचे हे कुळाचाराप्रमाणे ठरवा. नवे केले तरी जुन्यांचे फोटो काढा, कारण त्यांवरची आकृती पाहून कुलदैवत आणि मूळ गाव शोधणारी मंडळी मी पाहिली आहेत. गौरींचे मुखवटे एकाच घरी राहतात. बाकीच्यांनी सणाला तिथे जायचं ही जुनी रीत मुखवट्यांची वाटणी करण्यापेक्षा शहाणी आहे.

काही वस्तू घरात असणं हा कायद्याचा प्रश्न असतो. वाघनखाचं लॉकेट किती घरांत आहे ते मोजू नये. वाघनख, वाघाचं कातडं, हस्तिदंताची डबी, सांबराची शिंगं हे सगळं 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतं. अशी वस्तू विकता येत नाही, वारशानं आली तर 90 दिवसांत वन खात्याकडे जाहीर करावी लागते, आणि नको असेल तर 2022 च्या दुरुस्तीनंतर ती स्वतःहून जमाही करता येते. मोबदला मिळत नाही. तलवार, दांडपट्टा, ठासणीची बंदूक यांच्याबाबत ‘ती काय चालतेय’ असं स्वतःच ठरवू नका. वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात लेखी माहिती द्या. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, कोरीव लाकूड आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतं. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांची नोंदणी करावी लागते. आणि या वस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, भले त्या तुमच्याच पणजोबांच्या असोत. न्यू जर्सीला राहणाऱ्या धाकट्यानं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण बॅगेत घालण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. विमानतळावर ‘घरचा देव आहे’ हे उत्तर पुरत नाही. वाड्याच्या पायात हंडा सापडलाच, तर 1878 चा कायदा दहा रुपयांवरच्या गुप्तधनाची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो.

मग वाटणी. आधी जे वाटण्यातलं नाही ते बाजूला काढा. आईला तिच्या माहेरून किंवा सासरहून मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन. ती असेपर्यंत त्याचं काय करायचं ते तीच ठरवणार, मुलगे नव्हेत. वडिलांच्या मागे मुलींचा हक्क मुलग्यांइतकाच असतो. ‘तिला लग्नात दिलं’ हे कायद्यात उत्तर नाही. गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे, तिथे स्थानिक वकिलालाच विचारा. बाकी वस्तूंसाठी जुनी युक्ती वापरा. एकानं वाटे पाडायचे आणि त्यानं स्वतः शेवटी उचलायचं. वाटे फार काळजीपूर्वक पडतात! किंवा चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा आणि पहिल्या फेरीत शेवटचा आला त्यानं दुसऱ्या फेरीत पहिलं उचलावं. सुनांना-जावयांना पहिल्या बैठकीत बोलावू नका, असं म्हणणारे बरेच आहेत. माझा अनुभव उलटा आहे. न बोलावलेल्या माणसाचं मत नंतर जास्त महाग पडतं. संच फोडू नका. पंचपात्री एकाकडे आणि पळी दुसऱ्याकडे गेली की दोन्ही अडगळ होतात. वडीलधारी हयात असतील तर कोणती वस्तू कोणाला हे त्यांच्याकडूनच मृत्युपत्रात नावानिशी लिहून घ्या. ‘माझे सर्व दागिने’ असं मोघम नको.

एवढं करूनही कोणालाच नको असलेलं उरतंच. सगळं ठेवायला हवं असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांच्या घरात बारा हंडे ही जिवंत माणसांवर सक्ती आहे. विकायचं असेल तर भंगारवाल्याच्या आधी दोन जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना दाखवा. मुंबईच्या चोरबाजारातली मटण स्ट्रीट किंवा पुण्याचा जुना बाजार इथे नुसतं हिंडून आलात तरी भावाचा अंदाज येतो. संग्रहालयाला द्यायचं असेल तर टेम्पो घेऊन दारात जाऊ नका. आधी फोटो, मापं आणि तुमची नोंद पाठवा. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय उभं राहिलं तेच दिनकर केळकरांनी लोकांच्या घरांतले दिवे, अडकित्ते, चौरंग अशा रोजच्या वस्तू जमवल्या म्हणून. पण आज कोणतंही संग्रहालय मागचा इतिहास माहीत नसलेली आणखी एक समई सहसा घेत नाही. घेतली तर दानपत्रावर त्यांच्या नोंदवहीतला क्रमांक मागून घ्या, म्हणजे पुढे नातवंडांना पाहायला मागता येईल.

दगडी जातं, पाटा-वरवंटा यांना संग्रहालयात जागा नसते आणि फ्लॅटमध्येही नसते. ती गावातच ठेवा. ज्याच्याकडे अंगण आहे, लग्नाच्या हळदीला अजून जात्यावर दळतात अशा घरी द्या. देण्याआधी पाथरवटाकडून टाकी मात्र लावून घ्या, गुळगुळीत झालेल्या जात्यावर दळण पडत नाही.